पुस्तक, संगणक आणि मागे पडलेलं मूल

यंत्र आलं की पुस्तक जाणार, हे भाकीत शंभर वर्षांहून जुनं आहे. शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, चित्रपट सगळं शिकवतील, असं एडिसन १९१३ सालीच म्हणाला होता. पुढे रेडिओ आला, दूरदर्शन आलं. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात आपल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहामार्फत कार्यक्रम दाखवले गेले. पुस्तक दप्तरात होतं तिथेच राहिलं.

चित्रपट आणि दूरदर्शन नुसतं बोलतात. मुलाला काय कळलं, ते त्यांना समजत नाही. संगणकाला मूल उत्तर देऊ शकतं. पण नुसता संगणक हाती देऊन भागत नाही. पेरू देशाने खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचं त्यात दिसलं नाही.

याउलट दिल्लीत २०१५ मध्ये ६१९ मुलांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या काढून निवडलेल्या मुलांना शाळेनंतर 'माइंडस्पार्क' हा कार्यक्रम वापरायला मिळाला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ती इतरांच्या बरीच पुढे गेली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. संगणक त्यांना सहावीचं नव्हे, त्यांना झेपेल तिथून पुढचं शिकवत होता. शिवाय रोज पाऊण तास लहान गटात शिकवायला माणूस होता, हे विसरू नये.

इतकी वर्षं शिकवल्यावर मला याचं नवल वाटलं नाही. सहावीचं पुस्तक सगळी मुलं सहावीचीच आहेत असं धरून चालतं. ज्याला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याने अपूर्णांकांचं पान उघडून काय करायचं? साठ मुलांच्या वर्गात शिक्षक प्रत्येकापाशी किती वेळ थांबणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकालाच क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. त्यांनी पुस्तक काढून टाकलं नाही, हे मला भावलं.

असो. पुस्तक चांगलं की संगणक, असा वाद घरात निघाला की मी एवढंच विचारते, मागच्या बाकावरच्या मुलाला यातलं काय कळलं, हे कोण पाहणार आहे?