नोटेची लांबी आणि बोलणारं ॲप

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी आधी १ जानेवारी २०२० पासून सुरू केलं होतं. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे ॲप आणलं. लांब नाव ‘मोबाइल एडेड नोट आयडेंटिफायर’. अंध व्यक्तीने फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरायचा, ॲप रक्कम बोलून सांगतं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, अर्धी दुमडलेली नोटही ओळखतं. आवाज सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत होता, शिवाय ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी फोन थरथरायची सोय. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. मी सगळं छान, प्रगतीची गोष्ट म्हणून लिहिलं होतं. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: “याआधी हे लोक नोटा कशा ओळखत होते?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. चार महिने त्यातच गेले.

ओळखत होते बोटांनी. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा आल्या, तेव्हा अंध व्यक्तींसाठी उठावदार छपाईची खूण त्यात मुद्दाम घातली होती. पण हातोहात फिरून ती छपाई झिजते. भरवशाचा होता तो आकार. शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, हजाराची १७७. दर पायरीला एक सेंटीमीटर. दहा-वीस-पन्नासमध्ये लांबी-रुंदीचा थोडा घोळ होता, पण मोठ्या रकमेची नोट छोटी नसायची. हा नियम हाताला पाठ होता.

८ नोव्हेंबर २०१६ नंतर नव्या नोटा आल्या आणि हा नियम मोडला. (पट्टी घेऊन स्वतः मोजून बघा, मी हॉस्टेलच्या टेबलावर मोजल्या.) नवी पाचशे १५० मिलिमीटर, म्हणजे चलनात असलेल्या जुन्या शंभरापेक्षा छोटी! नवी दोन हजार १६६, म्हणजे हाताच्या आठवणीतल्या जुन्या पाचशेपेक्षा एकच मिलिमीटर कमी. पुढे नवी शंभर १४२ आणि दोनशे १४६ आली. तिथे फरक चारच मिलिमीटरचा. गंमत म्हणजे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा संसदेने मंजूर केला तो याच डिसेंबर २०१६ मध्ये.

मग नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारलं की नोटांचे आकार सारखे का बदलता. त्याच्या आधी, जून २०१८ च्या धोरण निवेदनात, बँकेने नोटा ओळखण्यासाठी एखादं साधन शोधण्याचं बोलून दाखवलं होतं. ॲप आलं ते या वाटेने.

ॲप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. घरी, निवांत बसून पैसे लावताना ते कामाचंच. पण लोकलच्या डब्यात क्लिपा-कंगवे विकणाऱ्या अंध विक्रेत्याचा विचार करा. एका हातात माल, गर्दीचा गोंगाट, गिऱ्हाईक पुढच्या स्टेशनला उतरणार. त्याने फोन काढायचा, कॅमेरा नीट धरायचा, कान लावायचा. जे काम बोटं क्षणात करत होती त्याला आता फोन हवा, चार्जिंग हवं आणि उजेडही हवा. गैरसोय नोटेच्या रचनेतून आली आणि ती निस्तरायचा भार नोट वापरणाऱ्यावर आला.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना म्हणून सांगते: एखाद्या ॲपचा इतिहास शोधताना लाँचच्या बातमीपाशी थांबू नका. मी थांबले होते. आता माझं प्रकरण १९९६ पासून सुरू होतं आणि ‘मनी’ येतं एकविसाव्या पानावर.