‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ : एकाच गोष्टीच्या दोन डीव्हीडी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की आता सगळं मोबाइलवर दिसतं, मग जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी कशाला जमवता? आज त्याचं उत्तर एकाच चित्रपटावरून देतो.

१९४१ साली प्रभातनं ‘शेजारी’ काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. गावातले दोन म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान. भिंतीला भिंत लागलेली घरं आणि जिवाभावाची दोस्ती. धरण बांधायला आलेला ठेकेदार ओळखतो, की या दोघांत फूट पडल्याशिवाय आपलं काम होणार नाही. पाकिस्तानची मागणी करणारा लाहोरचा ठराव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, हे ध्यानात ठेवा. शांतारामबापूंचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट.

प्रभातची रीत अशी, की एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडे स्वतंत्र चित्रीकरण करून काढायची. ‘अयोध्येचा राजा’पासून, म्हणजे १९३२ पासून हे चालू होतं. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’. ‘शेजारी’चा ‘पडोसी’ झाला, पण इथं एक गंमत आहे. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदारच. त्याचा हिंदू दोस्त मराठीत केशवराव दाते, हिंदीत मात्र मझहर खान. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. मला हा निर्णय संपूर्ण चित्रपटाइतकाच बोलका वाटतो. पण तो कळायला दोन्ही चित्रपट हाताशी हवेत.

आणि घोडं तिथंच अडतं. मी राहतो लखनौच्या मानक नगरात. रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेमुळे हे नाव पडलं. इथं रुळापासून डब्यापर्यंत सगळ्याची मापं ठरतात, पण मराठी चित्रपटाला अर्थातच इथं मापही नाही आणि दुकानही नाही. व्हीसीडीच्या भरभराटीत मोझर बेअरनं अठ्ठावीस रुपयांना चित्रपट विकायला काढले, तेव्हा अमिनाबादेत जुने हिंदी चित्रपट ढिगानं मिळायचे. ‘पडोसी’ मला तिथं मिळाला. ‘शेजारी’साठी पुण्याची खेप करावी लागली.

व्हीसीडी म्हणजे काही मूळ चित्रपट नव्हे. एका तबकडीत जेमतेम चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, त्यामुळे मध्यंतर तबकडी संपेल तिथं! चित्र बारीक, अंधारातले प्रसंग नुसते काळे. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. काही वेळा मधलं गाणंच गायब. तरीही मी त्या टाकल्या नाहीत.

कारण मूळ फिल्मचं काय होतं, हे ऐका. तोफखान्यात आम्हाला शिकवत, की तोफेच्या दारूतला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. जुन्या चित्रपटांची पट्टीही त्याच जातीची. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. दारूगोळा ठेवावा तशी ती थंड आणि सुटी ठेवावी लागते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फिल्मच्या कोठाराला आग लागली. हे आवार म्हणजे प्रभातचा जुना स्टुडिओ. जिथं त्या पट्ट्या तयार झाल्या, तिथंच त्यांतल्या कितीतरी जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच निघाल्या होत्या, ते चित्रपट वाचले. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ तर त्याच्या कितीतरी आधी गेला, त्याची प्रत कुणाकडेच नाही.

म्हणून प्रत महत्त्वाची, मग ती घरच्या कपाटातली का असेना. तबकडीलाही मरण आहे, हे मात्र विसरू नका. खालची बाजू रुपेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट-निळसर असेल तर घरगुती यंत्रावर उतरवलेली, तिच्यातला रंग उन्हानं विटतो. सीडीचा चित्र साठवणारा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, म्हणून लेबलावरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकांच्या मधे असतो, ती जास्त टिकते. लखनौच्या पावसाळ्यात मी सगळ्या उभ्या ठेवतो, आडव्या एकावर एक रचत नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या एका निवृत्त रेल्वे अभियंत्यांना मी आधी ‘पडोसी’ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी ‘शेजारी’. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. शेवटी धरण फुटतं आणि दोघे दोस्त एकत्र मरतात, तिथं ते म्हणाले, “कर्नल साहब, मिर्झा तो वही है, दोस्त बदल गया.” मग पुन्हा लावायला लावला. पुढच्या भागात ‘धर्मात्मा’ घेऊ. आधी त्याचं नाव ‘महात्मा’ होतं, सेन्सॉरनं ते का चालू दिलं नाही, ते पाहू. तोवर कपाटातली ‘शेजारी’ची तबकडी चालते का, तेवढं लावून बघा, चालत असेल तर लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.