पतंगांची ओळख

फुलपाखराचें कौतुक सर्वांनाच. पतंग मात्र दिव्यावर जळून मरणारा क्षुद्र जीव, एवढीच आपली समजूत. वस्तुतः दोघे एकाच गणांतले. फुलपाखराच्या मिशांचीं टोंकें गांठीसारखीं जाड असतात. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. ही पहिली खूण.

मुंबईस १८८३ सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि अशा निरीक्षणांस हक्काचें स्थान मिळालें. पुढें निलगिरींत चहाचे मळे केलेले जॉर्ज हॅम्पसन यांनीं १८९२ ते १८९६ या काळांत हिंदी पतंगांवर चार खंड प्रसिद्ध केले. ग्रंथ मोलाचा खरा. परंतु त्यांतील ओळख मुख्यतः टांचणीनें टोंचलेल्या नमुन्यांवरून केलेली. तो जीव कोणत्या झाडावर वाढला, हें वाळलेला पंख सांगत नाहीं.

ती उणीव भरून काढण्याचें काम आपल्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस कारवारांत झालें. जंगलखात्यांतील टी. आर. बेल यांनीं अळ्या घरीं पाळल्या, त्यांना त्यांचाच पाला घातला आणि कोशांतून पतंग निघेपर्यंत वाट पाहिली. मेजर स्कॉट यांच्यासह त्यांनीं लिहिलेला, वेगानें उडणाऱ्या स्फिंजिडी कुळाचा खंड १९३७ सालीं निघाला.

वेळणेश्वरासारख्या गांवीं हा अभ्यास परसांतच करतां येतो. अमावास्येच्या सुमारास, वारा पडलेला असतां, दोरीवर पांढरी चादर टांगून तिच्यापुढें दिवा ठेवावा. येतील ते पतंग पाहावे, रंग व ठिपके टिपून घ्यावे, आणि पक्षी जागे होण्यापूर्वी त्यांना झाडींत सोडून द्यावें.

परंतु खरी ओळख कण्हेरीपाशीं होते. तिच्यावर किंवा तगरीवर कधीं जाडजूड हिरवी अळी दिसते. डोक्यामागें डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके, शेपटाशीं आंखूड शिंग. कोशांत जाण्यापूर्वी ती तपकिरी होते. तिचाच पुढें हिरव्या नक्षीचा देखणा पतंग बनतो. लिनियसनें १७५८ सालीं त्यास कण्हेरीवरूनच नांव दिलें. पानें कुरतडलेलीं दिसतांच आपण ती अळी चिरडतों, आणि रात्रीं तोच पतंग कां येत नाहीं म्हणून विचारतों!

झाडांचीं नांवें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस पाठ आहेत. त्या नांवाशेजारीं तारीख, गांव आणि अळीचें वर्णन लिहिलें, कीं बेल यांच्या कामाचा धागा आपल्या अंगणांतून पुढें जाईल.