दारूखान्याची मोहर

आमच्या गावाचे नाव सांगितले, की जाणकार मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे पंत अमात्यांचे बावडा का?" ते नव्हे. अमात्यांचे ते गगनबावडा, कोल्हापूरकडचे. आमचे इंदापूर तालुक्यातले. पण या नावाच्या घोटाळ्यामुळेच मी रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' वाचायला घेतले, आणि त्यात अगदी आजचे एक काम भेटले.

गुप्त शस्त्रप्रकल्पांत आज सुरक्षा विश्लेषक असतो. तोफ कशी ओततात हे त्याला ठाऊक नसले तरी चालते. तिचा नकाशा कोणी पाहिला, सुटे भाग कोण पुरवतो, त्या पुरवठादाराचे लागेबांधे कोणाशी आहेत, याचा माग तो ठेवतो.

सुमारे 1715 च्या आज्ञापत्रात दारूखान्यावरचा मजकूर पाहा. दारूखाना राहत्या घरांपासून दूर हवा. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावेत. पहारा रात्रंदिवस, परवानगीवाचून कोणी आसपासही येऊ नये. सभासद बखर आणखी एक गोष्ट सांगते. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे सारख्या मानाचे; कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. म्हणजे सगळे एकाच्या हाती नाही. मला ही व्यवस्था कुलपापेक्षा मोलाची वाटते, कारण धोका आतूनही येतो. मे 2023 मध्ये पुण्यातल्याच संरक्षण संशोधन संस्थेच्या एका संचालकाला, समाजमाध्यमांतून पाकिस्तानी हस्तकाला माहिती पुरवल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोप 1923 च्या सरकारी गुपिते कायद्याखाली आहे.

पण श्रोतेहो, खरी पंचाईत खरेदीची. 1660 मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा इंग्रज प्रमुख रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा झाला. व्यापारी म्हणून आलेल्यांचा हा व्यापार! पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारून वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. आपण माल घेतो तो कोणाकडून, आणि तोच उद्या शत्रूला काय विकेल, हा प्रश्न तेव्हा प्रत्यक्ष तटावर येऊन आदळला.

अमात्यांनी टोपीकरांबद्दल जे लिहिले ते या अनुभवानंतरचे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत. आरमार आणि दारूगोळा हेच त्यांचे बळ. म्हणून वखारीला जागा समुद्रकाठी देऊ नये, आत चारआठ कोसांवर द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. व्यापार बंद करा, असे मात्र त्यांनी लिहिले नाही. लिहिणार तरी कसे? राजापूरच्या लढाईनंतर बाराएक वर्षांनी महाराजांनी तोफा घेतल्या, त्या राजापुरातच, फ्रेंचांकडून.