तापीकाठची भुते आणि ‘पुराना मंदिर’

बऱ्हाणपुरात भीतीला कधी तोटा पडला नाही. गावापासून २० किलोमीटरवर अशीरगड आहे. कपाळीची जखम वागवीत अश्वत्थामा तेथे अजून भटकतो, गुप्तेश्वराच्या पिंडीवर भल्या पहाटे ताजे फूल वाहून जातो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेसाठी तेल मागतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अकबराने हा किल्ला १६०१ मध्ये जिंकला, १८१९ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पण राजवटी बदलल्या तरी अश्वत्थाम्याने गड सोडला नाही. अशा गावातल्या मुलाने भीतीसाठी पैसे का मोजावेत? तरीही १९८५ च्या उन्हाळ्यात मी ते मोजले. चित्रपट होता ‘पुराना मंदिर’.

हिंदी पडद्यावरचे भूत त्याआधी बरेच सभ्य होते. कमाल अमरोहींच्या ‘महल’ (१९४९) मध्ये झोपाळ्यावर झुलणारी छाया शेवटी हाडामांसाची बाई निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) यांतही अखेरीस माणसाचेच कारस्थान उघडकीस येते. प्रेक्षकाने दोन-अडीच तास घाबरावे आणि शेवटी ‘भूत वगैरे काही नसते’ असे म्हणत घरी जावे, असा तो करार होता. रामसे बंधूंनी तो मोडला. त्यांचे भूत खरोखरच भूत असे.

या घराण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून ते ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले आणि चित्रपट काढू लागले. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक येतात, हे मुलांच्या ध्यानात आले. मग १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. कुमार लेखन करी, गंगू कॅमेरा सांभाळी, किरण ध्वनी आणि अर्जुन संकलन पाही, तर तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत. समीक्षकांनी नाके मुरडली, पण लहान गावांतल्या टॉकीजा भरत राहिल्या.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यातला सामरी झाला होता अजय अगरवाल, रुरकीला शिकलेला स्थापत्य अभियंता! ताडमाड उंची आणि राकट चेहरा हेच त्याचे भांडवल. राजा हरिमानसिंह सामरीचे शिर धडावेगळे करवतो. शिर एकीकडे बंदिस्त, धड दुसरीकडे पुरलेले. मरताना सामरी शाप देतो : राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल.

टॉकीजमध्ये आमच्या पुढे पाळी संपवून आलेले लूमवरचे कामगार बसले होते. सामरीचे डोळे चमकले की शिट्ट्या, दार करकरले की टाळ्या. भीती आणि हसू इतके जवळ राहतात, हे मला तेथे प्रथम समजले. सगळे मिळून घाबरलो की भीतीचे ओझे उरत नाही. तिची जत्रा होते.

त्या रात्री जेवताना मी ती सारी कथा रंगवून सांगितली. शापापाशी आलो आणि आजीचा हात थबकला. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती मागीलदारी गेली. भाकरी करपल्याचा वास घरभर पसरला, तरी आई बोलली नाही, वडीलही बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी आमची धाकटी आत्या पहिल्या बाळंतपणात गेली होती. तिच्यामागे उंबऱ्यात खिळे ठोकले गेले, मोहऱ्या टाकल्या गेल्या आणि दिवेलागणीनंतर चिंचेखाली जायचे नाही, असे आम्हा मुलांना बजावण्यात आले. बाळंतीण गेली की तिची हडळ होते, ही समजूत. मला ते सारे ठाऊक होते. चित्रपट पाहताना मात्र एकदाही आठवले नाही.

थोड्या वेळाने आजी परत आली. एवढेच म्हणाली, “ती हडळ नाही झाली रे. तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही कोणी.”

पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, तेव्हा या वाक्याचे वजन कळले. मेरी शेलीचा जन्म १७९७ चा. त्या बाळंतपणानंतर अवघ्या अकरा दिवसांनी तिची आई वारली. स्वतः मेरीचे पहिले मूल १८१५ मध्ये काही दिवसांतच गेले. त्याच मेरीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) लिहिली. तिच्यात एक पुरुष आईवाचून जीव घडवतो आणि त्याला टाकून पळतो. १९३१ मध्ये बोरिस कार्लोफने तो जीव पडद्यावर उभा केला, तेव्हा जगाने त्याचे सपाट डोके लक्षात ठेवले. त्यामागची बाळंतिणीची खोली विसरली.

आणि आमचे बऱ्हाणपूर? मुमताज महल येथेच १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरले आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. मोगल साम्राज्याच्या सम्राज्ञीलाही जे चुकले नाही, त्याला सामरीच्या शापाची गरज होती काय? रामसे बंधूंनी नकळत बाईच्या मनातल्या सर्वांत जुन्या भीतीवर बोट ठेवले, पण दोष दिला राक्षसाला. आमच्या घरानेही तेच केले होते.

म्हणून मी असले चित्रपट वाईट म्हणत नाही. मुले मोबाइलवर सामरी पाहून हसतात, मीही त्यांच्याबरोबर हसतो. दरवर्षी आमच्या शाळेची सहल जैनाबादच्या आहुखान्यात जाते. पडक्या भिंती पाहून कोणीतरी विचारतेच, “सर, इथे राणीचं भूत दिसतं का?” मी चौदा बाळंतपणांचा आकडा सांगतो. मुली एकदम गप्प होतात. मुलगे थोड्या वेळाने होतात. मग मी त्यांना आत्याची गोष्ट सांगतो, आजीच्या शेवटच्या वाक्यासकट.