मुळशीच्या घाटवाटा : प्राचीनत्वाचा दावा आणि त्याचा पुरावा

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची पश्चिम कड म्हणजे प्रत्यक्ष सह्याद्रीची धार होय. या धारेला लागून एकोले, तैलबैला, भांबुर्डे, पिंपरी यांसारखी लहान लहान गावे वसलेली आहेत. गाव संपले की पठार संपते आणि पठार संपले की कडा तुटतो. कड्याखाली रायगड जिल्ह्यातील सुधागड-पालीचा मुलूख पसरलेला दिसतो. या दोन प्रदेशांना जोडणाऱ्या पाऊलवाटांना 'घाट' ही संज्ञा आहे. वाघजाई घाट, सवाष्णीचा घाट, नाणदांड, घोणदांड ही त्यांपैकी काहींची नावे होत. अलीकडे गिरिभ्रमणाची आवड वाढल्यामुळे या वाटांवर शहरी मंडळींची वर्दळ वाढली आहे, आणि प्रत्येक वाटेस 'प्राचीन व्यापारी मार्ग' म्हणण्याचा प्रघातही पडला आहे. हे विधान कोणत्या वाटेविषयी, कोणत्या अर्थाने आणि कोणत्या पुराव्यावर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. देशाकडून येणाऱ्यास सह्याद्री हा पर्वत वाटतच नाही. पौडापासून मुळा नदीच्या खोऱ्याने पश्चिमेस चढत गेले असता जमीन हळूहळू उंचावते आणि अखेरीस एकाएकी तुटते. कोकणातून पाहणाऱ्यास मात्र तीच धार भिंतीसारखी उभी दिसते. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला आहे. कठीण थरांचे कडे झाले व मृदू थर झिजून मध्ये सपाट पदर राहिले. कड्यातून उतरावयाचे तर दोनच मार्ग संभवतात. एक, पावसाच्या पाण्याने कोरलेल्या घळीचा, म्हणजे नाळेचा. दुसरा, कड्यापासून खाली उतरत गेलेल्या सोंडेचा, म्हणजे दांडाचा. नाणदांड व घोणदांड या नावांतच वाटेचे स्वरूप सांगितलेले आहे. जेथे दोन्ही नाहीत तेथे लाकडाची शिडी लावावी लागे, आणि अशा वाटेस 'निसणीची वाट' म्हणत. तात्पर्य, वाटेची जागा मनुष्याने निवडलेली नसून ती भूमीने ठरवून दिलेली आहे. म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य आणि आजचा मनुष्य एकाच सोंडेवरून उतरत असल्यास त्यात नवल नाही. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

पुराव्याकडे वळल्यास सर्वांत जुना पुरावा घाटाच्या पायथ्याशी मिळतो. वाघजाई घाटाच्या खाली ठाणाळे येथे तेवीस लेण्यांचा बौद्ध समूह आहे. त्यात चैत्यगृह, विहार व स्तूप असून तो हीनयान पंथाच्या काळातील आहे. याच परिसरात खडसांबळे येथेही त्याच परंपरेचा लेणीसमूह आहे. भिक्षूंना वर्षावासासाठी एकांत हवा असे, तसाच भिक्षेसाठी व दानासाठी रहदारीचा शेजारही हवा असे. कार्ले, भाजे व कोंडाणे ही लेणी बोरघाटाच्या परिसरात आहेत. नाणेघाटात तर प्रत्यक्ष खिंडीतच सातवाहनांचा कोरीव लेख आहे. हा न्याय ठाणाळ्यास लावला असता, चौलसारख्या बंदरांतून निघून सह्याद्री चढणारी रहदारी या बाजूनेही वाहत होती, असे अनुमान सबळ ठरते. मात्र अनुमानाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. लेण्यांमुळे सिद्ध होते ती प्रदेशातील रहदारी. अमुक एक वाट सिद्ध होत नाही. एका लेणीसमूहाच्या माथ्यावर दोन-तीन वाटा उतरत असतील, तर त्यांपैकी कोणती भिक्षूंच्या पायाखालची, हे लेणे सांगत नाही. ते वाटेनेच सांगितले पाहिजे. खोदीव पायऱ्या, कातळात कोरलेले पाण्याचे टाके, चौकीचे जोते अशा खुणा ज्या वाटेवर आढळतील तिचाच दावा ग्राह्य धरावा.

मध्ययुगात पुरावा पायथ्याकडून माथ्यावर येतो. कोरबारसे मावळातील कोरीगड व घनगड हे किल्ले घाटमाथ्यावर उभे आहेत, आणि समोर कोकणात सुधागड उभा आहे. मध्ये तैलबैल्याच्या दोन उभ्या कातळभिंती दुरूनही ओळखता येतात व वाटसरूस दिशा दाखवितात. घनगडाच्या पायथ्याशी एकोले गाव असून गडाच्या वाटेवर गारजाई देवीचे स्थान आहे. घनगड आकाराने लहान आहे. मोठी शिबंदी ठेवण्यास तो पुरेसा नाही. परंतु घाटांवर नजर ठेवण्यास पुरेसा आहे. या किल्ल्यांचे प्रयोजन मुलूख राखणे हे जितके, तितकेच वाट राखणे हे होते.

वाट राखणाऱ्यास किती बळ येते याचे उत्तम उदाहरण जवळच घडले. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठे सैन्य घेऊन कुरवंडे घाटाने कोकणात उतरला, आणि उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्यास पुढून व मागून कोंडले. शिवभारतात कवींद्र परमानंदाने या प्रसंगाचे वर्णन केले आहे. मोगलांचा पराभव मराठ्यांच्या शस्त्राने झाला तितकाच वाटेच्या अरुंदपणाने झाला. पुढे मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रोथरच्या फौजेने कोरीगड घेतला व पाठोपाठ घनगडही इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर या वाटांना लष्करी अर्थ उरला नाही.

व्यापाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. घाटाखालून वर येणारी मुख्य वस्तू मीठ. तिच्या जोडीस सुकी मासळी व नारळ. वरून खाली जाणारा माल म्हणजे धान्य, तूप व हिरडा. मिठाचा व्यापार राज्यकर्त्यांच्या दृष्टीने किती महत्त्वाचा होता, हे शिवाजीमहाराजांच्या १६७१ च्या पत्रावरून कळते. परमुलखातील बारदेशचे मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा उठाव बुडू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यात कुडाळच्या सरसुभेदारास केली आहे. घाटमाथ्यावरील व्यापारी मीठ नेण्यासाठी कोकणात उतरत, ही वस्तुस्थिती त्या आज्ञेच्या मुळाशी आहे. पण मीठ बैलाच्या पाठीवरून जाते. ज्या वाटेने लादलेला बैल चढू शकत नाही ती मोठ्या व्यापाराची वाट नव्हे. ती डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या माणसाची वाट होय. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांनी घाटांच्या नोंदी करताना बैलांचा घाट व केवळ पायी उतरण्याचा घाट असा भेद केला, तो याच कारणाने. आजच्या अभ्यासकानेही वाट पाहताना प्रथम हाच प्रश्न विचारावा : येथून बैल जाईल काय?

हे वाहतुकीचे महत्त्व कमी झाले त्यास कारण घडले ते या तालुक्याच्या बाहेर. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. दूरचा माल तिकडे वळला. मुळशीचे घाट ओस पडले असे मात्र नाही. त्यांचा पल्ला तेवढा आखूड झाला. जी वाट बंदराला पेठेशी जोडीत होती, ती आता एका गावास दुसऱ्या गावाशी जोडू लागली.

त्यातही एक राजकीय दुवा दीर्घकाळ टिकून होता. पंतसचिवांच्या भोर संस्थानचा मुलूख घाटाच्या दोन्ही अंगांस पसरला होता. पवनमावळ घाटावर, तर सुधागड तालुका घाटाखाली. सुधागडावर भोराई देवीचे देऊळ व सचिवांचा वाडा आहे. अशा राज्यात घाट ही सरहद्द नसून घरातील जिना होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. सुधागड त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात गेला, वरचा भाग पुणे जिल्ह्यात आला, आणि सह्याद्रीची धार ही जिल्ह्याची सीमा बनली. कचेरी एकीकडे, बाजार दुसरीकडे अशी स्थिती आली म्हणजे जिन्याचा वापर कमी होणे क्रमप्राप्तच असते.

याच्याही आधी मुळशीवर मोठा आघात झाला होता. टाटा कंपनीच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले व खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार हे स्पष्ट झाले. त्याविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला आहे. सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना बुडालेली जमीन व बुडालेली घरे यांची गणना होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याबरोबर वाटाही बुडाल्या, याकडे लक्ष गेलेले नाही. घाटाची वाट कड्यापासून सुरू होत नाही. ती नदीकाठच्या गावातून निघते, शेताच्या बांधाने जाते, ओढा ओलांडते आणि मग पठारावर चढते. धरणाने खोऱ्याचा तळ व्यापला तेव्हा अनेक घाटवाटांचे वरचे टोक पाण्याखाली गेले आणि लोक वरच्या उतारांवर जाऊन राहिले. कड्यातील वाट शिल्लक राहिली, पण तिच्याकडे येणारी वाट नाहीशी झाली. मुळेचे जे पाणी पूर्वेस वाहत जाऊन भीमेस मिळावयाचे, त्याचा मोठा भाग १९२७ पासून बोगद्याने व नळांनी भिरा येथील वीजगृहात उतरून कुंडलिकेस मिळू लागला. आज पिंपरीहून अंधारबनाच्या रानातून हिर्डीमार्गे भिऱ्यास उतरणारा प्रवासी पायी जे अंतर उतरतो, तेच हे पाणी डोंगराच्या पोटातून उतरते. माणसांचा घाट ओस पडत असताना पाण्यासाठी नवा घाट बांधला गेला, असे म्हणावे लागते.

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, मुळशीच्या घाटवाटांना एकच वय नाही. प्राचीन रहदारीचा पुरावा लेण्यांत, मध्ययुगीन चौकीपहाऱ्याचा पुरावा किल्ल्यांत, आणि व्यापाराचा पुरावा पत्रांत व नोंदींत आहे. चौथा एक उपयोग मात्र कोठेही नोंदलेला नाही. घाटाखाली दिलेली लेक माहेरी येते, जत्रेस देवीचा भक्त वर चढतो, गवळी धनगर तूप घेऊन खाली उतरतो. हा उपयोग सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत चिवट आहे. राज्ये बुडाली, आगगाडी आली, धरण झाले, तरी वाट मोडली नाही ती या लोकांमुळे. सवाष्णीच्या घाटाचे नाव राजाचे नाही, सरदाराचे नाही, व्यापाऱ्याचेही नाही. ते एका सुवासिनीचे आहे. त्या नावामागील आख्यायिकेस इतिहास म्हणता येणार नाही. तथापि त्या वाटेचे धनी कोण होते, याची साक्ष तेवढ्या एका शब्दात राहिली आहे.

यातून पुढील कामाची दिशा ठरते. पायऱ्या, टाकी व जोती कातळात आहेत. ती आणखी काही शतके थांबतील. गावकऱ्यांच्या तोंडी असलेली पदरांची, ओढ्यांची, विसाव्याच्या दगडांची आणि घाटदेवतांची नावे तितकी थांबणार नाहीत. डांबरी रस्ता गावापर्यंत आला की नवी पिढी घाट उतरत नाही, आणि जो घाट उतरत नाही त्यास त्यातील नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. गिरिभ्रमण करणारे वाट जिवंत ठेवतील, परंतु नावे ते आपली देतील. म्हणून प्रत्येक घाटाचे मोजमाप, त्यावरील खुणांची यादी आणि स्थानिक नावांची नोंद ही तिन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. आणि त्यांत नावांच्या नोंदीस अग्रक्रम दिला पाहिजे.