सुटा पूर्वरंग : चित्रपटाची पूर्वप्रसिद्धी आणि प्रेक्षकाचा प्रतिसाद

हडपसरसारख्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या गावात 'ट्रेलर' म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेली मोळ्यांनी भरलेली गाडी. येथील मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून 2000 पासून मगरपट्टा सिटी उभी केली. पुढे अमनोरा आणि सीझन्स या मॉलमध्ये बहुपडदा चित्रपटगृहे आली आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वतोमुखी झाला. दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे : मागून ओढत येणारी वस्तू. अमेरिकेत प्रारंभी आगामी खेळाची दृश्ये मुख्य चित्रपटानंतर दाखवीत, म्हणून त्यांना हे नाव पडले. आज मात्र ट्रेलर कित्येक आठवडे आधी येतो आणि प्रेक्षकाचा निवाडाही त्याच्याबरोबरच येतो. कृतीपूर्वी प्रतिसाद सिद्ध होण्याच्या या घटनेला मराठी प्रदेशात एक इतिहास आहे. तो केवळ व्यापाराचा नसून आस्वादाचाही आहे.

कृतीच्या आधी काही असणे ही मराठी रसिकाला नवी गोष्ट नाही. नाटकाला नांदी असते, तमाशात वगाआधी गण-गवळण होते, आणि नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण झाल्यावरच उत्तररंगातील आख्यानाला प्रारंभ होतो. पूर्वरंग हा आख्यानाकडे कसे पाहावे हे श्रोत्यांना सांगतो. हान्स रॉबर्ट याउस ज्याला 'अपेक्षाक्षितिज' म्हणतो, ते येथे कीर्तनकार स्वतः श्रोत्यांसमोर रेखाटीत असतो. जेरार जेनेत याने 1987 मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ आदी घटकांना ग्रंथाचे उंबरठे म्हटले, त्यांच्याशीही या पूर्वरंगाचे नाते आहे. महत्त्वाचा भेद अवकाशाचा आहे. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये बुवांना बुक्का लावून हार घालण्याइतकाच वेळ जातो. वक्ता तोच, श्रोते तेच, स्थळही तेच. चित्रपटाच्या पूर्वप्रसिद्धीने हा पूर्वरंग उत्तररंगापासून सुटा केला. या सुटेपणाचे परिणाम तपासणे हा येथील मुख्य मुद्दा होय.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची सुरतेतील जाहिरात प्रसिद्ध आहे : 57,000 छायाचित्रे, दोन मैल लांबी आणि हे सारे तीन आण्यांत. चित्रपटाची लांबी 3,700 फूट सांगितली जाते. एका फुटात 16 चौकटी धरल्या, तर छायाचित्रांची संख्या 59,200 भरते. म्हणजे जाहिरातीतील हा आकडा बव्हंशी खरा होता. लांबी मात्र एक मैलही नव्हती. अतिशयोक्ती कोठे केली आणि कोठे टाळली, हे यावरून दिसते. तीत कथेचा मोह घातलेला नाही, कारण हरिश्चंद्राची कथा आख्यानांतून आणि नाटकांतून सर्वांना परिचित होती. अपरिचित होते ते यंत्र. म्हणून फळांच्या राशीप्रमाणे मोजून मापून दाखविले ते माध्यमाचे परिमाण.

माध्यम अंगवळणी पडल्यावर पूर्वप्रसिद्धीचा आशय पालटला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी चित्रमय भित्तिपत्रकाला कलाकृतीचा दर्जा मिळवून दिला. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्यास आली. तिच्या 'संत तुकाराम' (1936) या चित्रपटाचा मुंबईतील मुक्काम वर्षाहून अधिक काळ टिकला. या यशाचा पूर्वरंग कंपनीच्या जाहिरातींहून कितीतरी जुना होता. तो वारीने आणि अभंगाने आधीच रचून ठेवला होता. हडपसरला ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेला लागते. त्या वाटेवरच्या माणसाला तुकारामाची ओळख पडद्याने करून द्यावी लागली नाही. त्याने पडद्यावरचा तुकाराम आपल्या मनातील तुकारामाशी ताडून पाहिला. पुढे 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रायोजित कार्यक्रमांतून आगामी चित्रपटांची गाणी आणि संवाद घरोघर ऐकू येऊ लागले. चित्रपटाचा तुकडा चित्रपटगृहाबाहेर, एकट्याने आणि वारंवार अनुभवण्याची सवय येथून दृढ झाली.

सुटा झालेला पूर्वरंग कलेला नेहमीच घातक ठरतो असे नव्हे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा अजय-अतुल यांची गाणी आधीच लोकांच्या ओठांवर होती. 'झिंगाट'वर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. पूर्वप्रसिद्धीने वचन दिले होते ते प्रेमाचे आणि संगीताचे. चित्रपटाने ते दीर्घकाळ पाळले आणि अखेरच्या नि:शब्द दृश्यात मोडले. त्या शांततेचा आघात आधीच्या गाण्यांच्या गजरावाचून इतका तीव्र झाला नसता. नाचलेला प्रेक्षकच येथे निरुत्तर होतो. पूर्वप्रसिद्धी आणि कृती यांतील अंतर येथे अर्थनिर्मितीचे साधन बनले.

ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत हेच अंतर निराळ्या रीतीने भरले गेले. 'बाजीराव मस्तानी'तील 'पिंगा' हे गीत 2015 च्या नोव्हेंबरात प्रसृत होताच, काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावर पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी आक्षेप घेतला. 18 डिसेंबर 2015 रोजी चित्रपट आला, पुण्यात काही खेळ रद्दही झाले. पण गीत चित्रपटात राहिले आणि त्याचा निर्णय पाहणाऱ्याला करता आला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'छावा'चा ट्रेलर 22 जानेवारी 2025 रोजी आला. संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसणाऱ्या त्यातील अंशावर आक्षेप आले. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी 27 जानेवारीस राज ठाकरे यांची भेट घेऊन ते दृश्य वगळण्याचे जाहीर केले, आणि 14 फेब्रुवारीस चित्रपट त्या दृश्यावाचून प्रदर्शित झाला. प्रतिसादाने येथे संहिताच बदलली, आणि तीही कृती कोणी पाहण्यापूर्वी.

आक्षेप घेणाऱ्याला एक परंपरागत अधिकार आहे, हे मान्य केले पाहिजे. परिचित आख्यान ऐकताना श्रोता साक्षीदारही असतो; बुवा चुकले तर तो टोकतो. पण तो टोकतो ते आख्यान ऐकताना. लेझीमचे ते दृश्य कोणत्या प्रसंगानंतर येत होते आणि कोणत्या प्रसंगाकडे नेत होते, यावरच त्याचे औचित्य ठरले असते. संदर्भावाचून औचित्याचा निर्णय करता येत नाही, हे क्षेमेंद्रापासून आपले साहित्यशास्त्र सांगत आले आहे. दृश्य वगळल्यावर आक्षेप योग्य होता की अयोग्य, हे ठरविण्याचे साधनच प्रेक्षकाच्या हातून गेले. आक्षेपकाचे म्हणणे खरे असल्यास तेही आता सिद्ध होणार नाही.

म्हणून समीक्षेने पूर्वप्रसिद्धीकडे क्षुद्र व्यापार म्हणून दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. भित्तिपत्रके, हस्तपत्रिका, नभोवाणीवरील कार्यक्रम आणि ट्रेलर ही चित्रपटाच्या इतिहासाची साधने आहेत, आणि त्यांना मिळालेला प्रतिसादही त्या इतिहासात नोंदविला पाहिजे. मात्र ही नोंद पूर्वरंगाची आहे, हे भान सुटता कामा नये. उत्तररंग झाल्यावाचून कीर्तनाची आरती होत नसते.